इंदूरमध्ये जुन्या डोझरचा स्टीअरिंग क्लच बांधून घेताना

सांवेर रोड, पोलोग्राउंड, देवास नाका या भागांत जुन्या चेनच्या ट्रॅक्टरचा स्टीअरिंग क्लच, म्हणजे एका बाजूची चेन मोकळी करून यंत्र वळवणारा भाग, खोलून, दुरुस्त करून पुन्हा बांधून देणारे कारागीर आहेत. त्यांच्या कामाबद्दल आमचं मत आधीच सांगतो. लायनिंगचं, म्हणजे क्लचच्या प्लेटांवरच्या घासणाऱ्या थराचं, काम इथे उत्तम होतं, लेथचं चांगलं होतं, सील आणि बेअरिंग चांगल्या दर्जाची मिळतात. स्प्रिंगच्या बाबतीत जपून राहावं लागतं आणि शेवटची जुळणी बऱ्याच ठिकाणी मोजमापाशिवाय होते. चांगलं लायनिंग करून घेतलेला क्लचही महिन्याभरात घसरायला लागतो तो याच शेवटच्या टप्प्यामुळे. एका दुकानाचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण हे काम एका छपराखाली होतच नाही. लायनिंग एकाकडे, ड्रम दुसऱ्याकडे, जुळणी तिसऱ्याकडे. तिघांच्या मधली जबाबदारी मालकाची, आणि ती त्याने ओळखली नाही तर कुणीच घेत नाही.

माळव्यात ही यंत्रं मुळात आली ती कांस नावाच्या गवतामुळे. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला शेतीच्या यंत्रांसाठी १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, त्यामागे मध्य भारतातली कांसाने गिळलेली जमीन मोकळी करण्याचा मोठा हेतू होता. कांसाची मुळं इतकी खोल जातात की भारी नांगर आणि तो ओढायला चेनचाच ट्रॅक्टर लागे. पुढे १९६४ मध्ये भारत अर्थ मूव्हर्स स्थापन झाली आणि जपानी कोमात्सुच्या तंत्रावरचे डोझर देशात बनू लागले. आज तलावातला गाळ काढायला आणि शेतं सपाट करायला फिरणाऱ्या जुन्या यंत्रांत अमेरिकी आणि कोमात्सु, दोन्ही घराणी दिसतात. चिकट काळ्या मातीत वळताना स्टीअरिंग क्लच आणि ब्रेक यांच्यावर जो ताण येतो, तो मुरमाच्या जमिनीत येत नाही. त्यामुळे इथे हे काम वारंवार निघतं.

पुढचं सगळं कोरड्या, अनेक प्लेटांच्या क्लचबद्दल आहे. जुन्या कॅटरपिलर डी४, डी६, डी७ यांच्यात तोच असतो. इंजिनाचा जोर दोन्ही बाजूंना वळवणाऱ्या बेव्हल गिअरच्या शाफ्टच्या टोकाला आतला हब, हबच्या दात्यांवर लोखंडी कोऱ्या प्लेटा, बाहेरच्या ब्रेक ड्रमच्या दात्यांत लायनिंगच्या प्लेटा, आणि या सगळ्यांना दाबून धरणारी प्रेशर प्लेट व स्प्रिंग. दांडा ओढला की प्रेशर प्लेट मागे सरते, दाब सुटतो, त्या बाजूची चेन मोकळी होते. रचना एवढीच. पण जागा इतकी अडचणीची, की एकदा आत बसवलेली चूक दुरुस्त करायला सीट आणि इंधनाच्या टाकीपासून सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

खोलतानाच निम्मं काम ठरतं. डाव्या-उजव्या क्लचचे भाग एकमेकांत मिसळता कामा नयेत. झिजलेले दाते आणि झिजलेल्या प्लेटा एकमेकांना सरावलेल्या असतात. हब, ड्रम आणि फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) यांच्यावर पंचने खुणा करून घ्याव्यात, डावीकडे एक ठिपका, उजवीकडे दोन. खडूच्या खुणा घासलेटात धुतल्या जातात. बेव्हल शाफ्टच्या बेअरिंगची घरं उतरवावी लागली, तर ज्या यंत्रांत तिथे शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) असतात त्यांत प्रत्येक बाजूचे शिम वेगळे बांधून चिठ्ठी लावावी. दोन्ही बाजूंचे मिळून शिम बेअरिंगचा ताण ठरवतात, आणि कुठल्या बाजूला किती यावर बेव्हल गिअर आणि पिनियन यांच्यातली फट ठरते. शिम इकडचे तिकडे झाले, तर बेअरिंग ठीक वाटेल, पण गिअर एकतर कुंथेल नाहीतर सैल वाजेल. क्लच दुरुस्त करून आणलेलं यंत्र मागून आवाज करू लागलं, तर आधी हीच शंका घ्यावी.

आणखी एक सूचना, जिवाची. स्प्रिंगचे नट प्रेस किंवा लांब आट्यांचे बोल्ट लावल्याशिवाय सोडू नयेत. त्या स्प्रिंगा मिळून टनाच्या वर दाबाने बसलेल्या असू शकतात. आणि जुन्या लायनिंगची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाकावं. इथल्या बहुतेक वर्कशॉपमध्ये हवाच मारतात, आणि हे बदलायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. हेल्पर पोरं तोंडाला रुमालही बांधत नाहीत.

आता लायनिंग. या बाबतीत इंदूरला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही. ट्रक, बस आणि कारखान्यांतल्या प्रेसच्या क्लचमुळे इथल्या लायनिंगवाल्यांचा हात सतत चालू असतो, आणि तो सराव कामात दिसतो. रिव्हेट समोरासमोर जातात, एका बाजूने ओळीने ठोकत नाहीत, त्यामुळे प्लेट वाकत नाही. फक्त मागताना नीट मागावं लागतं. प्रत्येक प्लेटची जाडी चार ठिकाणी मायक्रोमीटरने मोजून द्या, फरक ०.१ मिमीच्या आत हवा, आणि दोन्ही बाजूंचं लायनिंग सारखं घासलेलं हवं. रिव्हेटचं डोकं लायनिंगच्या पृष्ठभागाच्या किमान १ मिमी खाली असावं. वर असेल तर थोड्याच झिजेनंतर पितळ कोऱ्या प्लेटला चर पाडतं. चिकटवलेलं लायनिंगही मिळतं. त्यात रिव्हेट नसल्यामुळे जास्त जाडी वापरता येते, पण ते भट्टीत दाबाखाली पक्कं केलेलं हवं. नुसत्या शिकंज्यात दाबून चिकटवलेलं घेऊ नये. गरम झालं की ते पापुद्र्यासारखं सुटतं आणि तुकडा प्लेटांत अडकला की क्लच सुटतच नाही. अ‍ॅस्बेस्टॉसविरहित लायनिंग आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

कोऱ्या प्लेटांकडे मात्र कुणी बघत नाही. लायनिंग नवं केलं की काम झालं, असा समज आहे. कोरी प्लेट सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट पाटावर, ठेवून कडेने फीलर (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालून पाहावा. यंत्राच्या पुस्तिकेत वाकण्याची मर्यादा दिलेली असते. पुस्तिका हाताशी नसेल तर ०.५ मिमीचा फीलर आत गेलेली प्लेट आम्ही परत वापरत नाही. निळसर डाग म्हणजे ती प्लेट तापून गेलेली आहे, ती सपाट दिसली तरी पुन्हा तापल्यावर वाकेल. वाकलेली प्लेट दाबाखाली सरळ होते, म्हणून क्लच धरतो. पण दांडा ओढल्यावर ती पुन्हा वाकडी होऊन शेजारच्या लायनिंगला घासत राहते, आणि यंत्र वळताना जड वाटतं. चालक मग ब्रेक जास्त दाबतो, ब्रेकचा पट्टा जळतो, आणि दोष ब्रेकवर येतो.

हब आणि ड्रम यांच्या दात्यांवर बोट फिरवून पाहा. प्लेटांनी वर्षानुवर्षं एकाच जागी ठोके दिल्यामुळे तिथे पायऱ्या पडलेल्या असतात. नव्या प्लेटा त्या पायऱ्यांत अडकतात, सरकत नाहीत, आणि क्लच पूर्ण सुटत नाही. उथळ पायऱ्या कानसीने काढता येतात, पण सगळ्या दात्यांवर सारख्या प्रमाणात काढाव्या लागतात, नाहीतर भार मोजक्याच दात्यांवर येतो. खोल पायऱ्या वेल्डिंगने भरून पुन्हा दाते पाडून देणारे इथे आहेत. काम दिसायला सुरेख होतं, पण हबच्या बाबतीत आम्ही ते सुचवत नाही. उष्णतेने हब वाकला, तर प्लेटा तिरक्या दाबल्या जातात. त्यापेक्षा चांगला जुना हब शोधावा.

स्प्रिंग हा इथला सर्वांत कच्चा दुवा. नमुना दिला की त्याच मापाची, त्याच तारेची स्प्रिंग करून मिळते, पण नमुनाच दमलेला असेल तर नवी स्प्रिंगही दमलेल्या मापाचीच बनते. सगळ्या स्प्रिंगा सपाट फळीवर उभ्या करून गुण्या लावून पाहाव्यात. एकही बुटकी किंवा कललेली दिसली तर पूर्ण संच बदलावा. खरी कसोटी टेस्टरवरची: बसवल्यावर जितकी लांबी राहणार, तितकी दाबून प्रत्येकीचा भार लिहून घ्यायचा. ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर प्रेशर प्लेट एका बाजूने जास्त दाबेल.

याचं गणित समजून घेतलं की पुढची चूक टळते. उदाहरणादाखल धरा, लायनिंगच्या ८ प्लेटा आहेत आणि प्रत्येक प्लेट मूळ जाडीपेक्षा ०.५ मिमी बारीक झाली आहे. चळत ४ मिमीने बुटकी झाली. स्प्रिंगला १ मिमी दाबायला १० किलो लागत असतील, तर प्रत्येक स्प्रिंगने ४० किलो दाब गमावला. अशा ८ स्प्रिंगांचे ३२० किलो गेले. बसवताना एकेका स्प्रिंगचा दाब २०० किलो, म्हणजे एकूण १,६०० किलो असायला हवा होता, तर आता १,२८० उरला. दाब २० टक्के कमी, म्हणजे क्लच ओढू शकेल तो जोरही २० टक्के कमी. म्हणून चळतीची उंची मोजणं हे या कामातलं सर्वांत महत्त्वाचं माप आहे. आणि तेच इथे मोजलं जात नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘पुरानी जितनी थी, उतनी ही डाली है.’ प्लेटांची संख्या बरोबर असते, उंची नसते. सगळ्या प्लेटा एकावर एक ठेवून, प्रेसखाली थोडा दाब देऊन, तीन ठिकाणी व्हर्निअर लावायचा आणि आकडा पुस्तिकेतल्या मापाशी ताडून पाहायचा. व्हर्निअर आपला घेऊन जा.

उंची भरून काढायला एक जास्तीची कोरी प्लेट घालायची पद्धत सगळीकडे आहे. तात्पुरती म्हणून तीही काही वाईट नाही, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चळत मूळ उंचीपेक्षा जास्त झाली तर स्प्रिंगांची वेटोळी एकमेकांना टेकायच्या बेतात येतात आणि दांडा ओढूनही प्रेशर प्लेटला मागे सरायला जागा उरत नाही. आणि जास्तीची प्लेट कुठे घालायची हे कळत नसेल तर ती घालूच नये. का ते पुढे येईलच.

प्लेटांचा क्रम. हबची कडा आणि प्रेशर प्लेट, दोन्ही हबबरोबर फिरतात. कोऱ्या प्लेटाही हबबरोबरच फिरतात. म्हणून कडेला लागून पहिली प्लेट लायनिंगची हवी आणि प्रेशर प्लेटला लागून शेवटचीही लायनिंगचीच. मध्ये एक कोरी, एक लायनिंगची. याचा अर्थ, अशा रचनेत लायनिंगच्या प्लेटा कोऱ्यांपेक्षा एकने जास्त असतात. ८ लायनिंगच्या तर ७ कोऱ्या, आणि एकूण १६ घासणारी तोंडं. आता मध्येच कुठेतरी एका जोडीचा क्रम उलटला, तर दोन लायनिंगच्या प्लेटा शेजारी येतात आणि दोन कोऱ्याही. दोन तोंडं निकामी झाली, १६ ची १४ राहिली. साडेबारा टक्के ताकद गेली, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. सुरुवातच कोऱ्या प्लेटने केली तरी हिशोब तोच, कारण पहिली कोरी कडेबरोबर फुकट फिरते आणि शेवटी दोन लायनिंगच्या एकत्र येतात. जास्तीची कोरी प्लेट घालायचीच असेल, तर ती जिथे घासणारं तोंड मारलं जाणार नाही अशाच जागी जायला हवी: कडेला चिकटून, किंवा दुसऱ्या कोरीला चिकटून. काही घराण्यांत दाते उलटे असतात, लायनिंगची प्लेट हबवर आणि कोरी ड्रममध्ये. तेव्हा आधी कोणती प्लेट कुणाबरोबर फिरते ते पाहावं आणि मग चळत रचावी.

प्लेटा रचताना हात कोरडे आणि स्वच्छ असावेत. ग्रीसचं एक बोट लायनिंगला लागलं तरी तो डाग घासलेटाने पूर्ण निघत नाही. स्प्रिंगा आवळण्याआधी लायनिंगच्या सगळ्या प्लेटांचे बाहेरचे दाते एका रेषेत आणावे लागतात, कारण दाब बसल्यावर त्या तसूभरही हलत नाहीत आणि ड्रम वर चढत नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ड्रमच आधी चढवायचा, त्यात प्लेटा सरळ करायच्या आणि मग आवळायचं. स्प्रिंगचे नट समोरासमोरचे, दोन-दोन फेऱ्यांनी. एकीकडून आवळत गेल्यास प्रेशर प्लेट तिरकी होऊन हबच्या दात्यांत अडकते. ज्या यंत्रांत जुळणीच्या वेळी स्प्रिंगा दाबून धरायला वेगळे बोल्ट लावतात, ते बोल्ट मोजून लावावेत आणि बसवल्यानंतर मोजून काढावेत. एखादा आत राहिला तर त्या बाजूची चेन नीट ओढणारच नाही.

पूर्ण जोड चेनपुलीवरच उचलावा, हाताने नव्हे. बेव्हलकडची फ्लँज आणि फायनल ड्राइव्हकडची (चेन फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरकडची) फ्लँज यांच्यामधली जागा जेमतेम असते, तिथे बोटं चिरडतात. दोन्ही फ्लँजची तोंडं तेलाच्या दगडाने साफ करावीत. एक बारीकसा बुरा राहिला तरी ड्रम डगमगत फिरतो. डायल गेज लावून ड्रम हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहायला दहा मिनिटं लागतात. इथे ती दहा मिनिटं कुणी देत नाही, तुम्ही मागून घ्या.

बोल्टबद्दल थोडं सविस्तर, कारण सियागंजात हवे तेवढे बोल्ट मिळतात आणि नेमकी तिथेच गल्लत होते. अमेरिकी यंत्रांचे बोल्ट सूतवाले, म्हणजे इंचाच्या मापाचे, यूएनसी किंवा यूएनएफ या अमेरिकी आट्यांचे. कोमात्सु घराण्यातल्यांचे मेट्रिक. दुकानात सूतवाला मागितला की बऱ्याचदा बीएसडब्ल्यू, म्हणजे जुन्या ब्रिटिश आट्याचा, हातात येतो. बऱ्याच मापांत त्यांचे आटे इंचाला सारखेच असतात, पण आट्याचा कोन बीएसडब्ल्यूचा ५५ अंश आणि यूएनसीचा ६० अंश. तो जातो, आवळतो, आणि ताण आला की सैल होतो. अर्ध्या इंचात तर आटेही वेगळे, १२ आणि १३. तिथे पाना जोराने फिरवला तर फ्लँजचेच आटे जातात. फ्लँजला १०.९ दर्जाचे किंवा त्याच्या बरोबरीचे बोल्ट घ्यावेत, डोक्यावरचा शिक्का पाहून. लॉकपट्ट्या नव्या हव्यात. एकदा वाकवलेली पट्टी दुसऱ्यांदा वाकवली की कोपऱ्यात तडकते.

ऑईल सील बदलल्याशिवाय क्लच बंद करू नये, भले जुनं कोरडं दिसत असलं तरी. बेव्हलच्या पेटीतून किंवा फायनल ड्राइव्हच्या पिनियनकडून तेल झिरपलं की नवं लायनिंग संपलं. सीलची ओठाची बाजू तेलाकडे. शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडला असेल, तर नवं सील दोन-तीन मिमी आत-बाहेर सरकवून कोऱ्या जागी बसवावं किंवा शाफ्टवर बाही चढवून घ्यावी. लेथवाले ही बाही छान करून देतात. आणि एक कारण सहसा सुटतं: बेव्हल पेटीचा श्वास घ्यायचा बूच, म्हणजे ब्रीदर, चिखलाने बंद झाला की आतला दाब वाढून तेल चांगल्या सीलमधूनही बाहेर येतं. क्लचबरोबर तो साफ करून मगच यंत्र बाहेर काढावं.

दांड्याची मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे लावावी. ती अजिबात नसेल, तर रिलीज बेअरिंग कायम टेकून राहतं, थोडा दाब सतत सुटलेला असतो आणि क्लच घसरतो. ती फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी क्लच जुळवावा, ब्रेकचा पट्टा नंतर. रिलीज बेअरिंगला ग्रीस बेताने, कारण जास्तीचं ग्रीस प्लेटांवरच उडतं.

चाचणी सपाट जागेवर घ्यावी. दोन्ही दांडे ओढल्यावर गिअरमध्ये असलेलं यंत्र जागीच उभं राहायला हवं. पुढे सरकलं तर क्लच घासतोय. मग पहिल्या गिअरमध्ये पातं बांधाला टेकवून जोर द्यावा: चेन मातीत घसरायला हवी, क्लच नाही. उतारावर चाचणी घेऊ नये. उतारावर एका बाजूचा क्लच सोडला आणि ब्रेक लावला नाही, तर ती चेन मोकळी होऊन जास्त वेगाने पळते आणि यंत्र भलत्याच बाजूला वळतं.

तेलातले क्लच वेगळे. त्यांच्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवून ठेवाव्या लागतात, पिस्टनच्या रिंगा लागतात आणि तेलाचा दाब गेज लावून मोजावा लागतो. हे काम गेज असलेल्या ठिकाणीच द्यावं. कोरड्या क्लचचा हातखंडा तिथे पुरत नाही.

नवं लायनिंग पहिल्या दिवसांत बसतं आणि मोकळी चाल कमी होते. म्हणून पहिल्या १० तासांनंतर दांड्याची चाल पुन्हा तपासावी आणि क्लचच्या पेटीचा खालचा बूच काढून तेल येतंय का ते पाहावं. ही दुसरी भेट कामाच्या दरात आधीच धरून घ्यावी, बहुतेक वर्कशॉप हो म्हणतात. पावसाळ्यात यंत्र उभं राहणार असेल, तर दोन्ही दांडे मागे ओढून दोरीने बांधून ठेवावेत. क्लच सुटलेला राहिला की प्लेटा एकमेकींना गंजून चिकटत नाहीत, आणि दिवाळीनंतर तोच क्लच पुन्हा खोलावा लागत नाही.